वाचकांचे प्रश्न : तिजोरी केंद्राची, जबाबदारी राज्यांची

संघराज्यांतील करवाटपावरील लेख मागील अंकात प्रसिद्ध झाल्यापासून या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. ज्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत मांडलेली होती ती एकत्र करून, निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : केंद्राने कर गोळा करायचा आणि मग त्यातलाच काही भाग राज्यांना वाटायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रत्येक राज्याने आपला कर आपणच गोळा करून खर्च केला, तर वाद उरणारच नाही.

कर वसूल करण्यास सोयीची जागा आणि खर्च करण्यास सोयीची जागा एकाच पातळीवर सापडत नाही, हे याचे मूळ कारण आहे. शाळा, दवाखाने, पोलीस, पाटबंधारे ही कामे लोकांच्या जवळ असलेल्या सरकारने केली तर ती अधिक चांगली होतात, कारण गरजा प्रदेशागणिक बदलतात. कंपन्यांचा नफा, मोठी वैयक्तिक उत्पन्ने आणि आयातीवरील शुल्क यांचे मात्र तसे नाही. नफा एका राज्यात दाखवावा की दुसऱ्या, हे कंपनीला बऱ्याच अंशी ठरवता येते, आणि प्रत्येक राज्याने स्वतंत्र दर लावला तर गुंतवणूक ओढण्यासाठी दर खाली आणण्याची चढाओढ लागते. म्हणूनच बहुतेक संघराज्यांत केंद्राचा महसूल त्याच्या कामांपेक्षा मोठा आणि राज्यांची कामे त्यांच्या महसुलापेक्षा मोठी असतात. ही दरी भरण्यासाठी हस्तांतरण करावे लागते.

मात्र ही दरी किती रुंद असावी, हे निसर्गनियमाने ठरलेले नाही. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धापूर्वी राज्ये आणि राष्ट्रीय सरकार दोन्ही प्राप्तिकर आकारत असत. १९४२ मध्ये युद्धखर्चासाठी राष्ट्रीय सरकारने आपला दर इतका वाढवला की राज्यांच्या करासाठी जागाच उरली नाही, आणि जी राज्ये आपला कर सोडतील त्यांना भरपाईचे अनुदान देऊ केले. तेथील उच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. युद्ध संपले, पण प्राप्तिकर राज्यांकडे परतला नाही. याच्या अगदी उलट स्वित्झर्लंडमध्ये प्राप्तिकर प्रामुख्याने कँटनांच्या, म्हणजे तेथील राज्यांच्या, हाती आहे, आणि संघ सरकारला प्रत्यक्ष कर व मूल्यवर्धित कर आकारण्याचा जो अधिकार आहे तो राज्यघटनेनेच मुदतबंद केला आहे. सध्याची मुदत २०३५ अखेरपर्यंत आहे.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर कॅनडाने दिले आहे, असे मला वाटते. तेथे प्राप्तिकराचा आपापला दर प्रांत ठरवतात, परंतु क्यूबेक वगळता सर्व प्रांतांतील नागरिकांकडून तो कर संघ सरकारचीच यंत्रणा वसूल करते. वसुली एकत्र झाली म्हणून दर ठरवण्याचा अधिकारही एकत्र करावा लागतो, असे नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडील चर्चेत वारंवार होते.

प्रश्न : संपन्न राज्ये म्हणतात, “आम्ही केंद्राला रुपया देतो आणि आमच्या हाती काही पैसेच परत येतात.” ही तक्रार न्याय्य आहे का?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नावर आली आणि त्यांतला रागही खरा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आकड्यांबद्दल. एखाद्या राज्यात किती कर जमा झाला यावरून त्या राज्याने किती कर दिला हे ठरत नाही. कंपनीचे मुख्यालय ज्या शहरात असते तेथे तिचा नफ्यावरील कर भरला जातो, पण तो नफा देशभरच्या ग्राहकांकडून आणि अनेकदा दुसऱ्याच राज्यांतील खाणी, कारखाने व मजूर यांच्याकडून आलेला असतो. त्यामुळे राज्यनिहाय प्रत्यक्ष कर वसुलीचे तक्ते मांडून “आम्ही इतके दिले” असे म्हणणे फसवे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक ठिकाणी एक राज्य दुसऱ्या राज्याला काही देतच नाही. कमी महसूल-क्षमतेच्या प्रांतांना जादा निधी देणारी कॅनडातील समानीकरण योजना १९५७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागील तत्त्वाला १९८२ मध्ये राज्यघटनेत स्थान मिळाले. तिचा पैसा संघ सरकारच्या सर्वसाधारण महसुलातून जातो, तेलसंपन्न अल्बर्टा प्रांताच्या तिजोरीतून नव्हे. सारखेच उत्पन्न असलेले दोन नागरिक, एक अल्बर्टातला आणि दुसरा न्यू ब्रन्सविकमधला, संघ सरकारला सारखाच प्राप्तिकर भरतात. अल्बर्टात अधिक उत्पन्न असलेले लोक अधिक संख्येने राहतात, इतकाच फरक. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये अल्बर्टात झालेल्या जनमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी हे तत्त्व घटनेतून काढून टाकावे असा कौल दिला. एका प्रांताच्या मताने घटना बदलत नसल्याने त्याचा कायदेशीर परिणाम झाला नाही, पण तेलाच्या मंदीत पोळलेल्या लोकांना आपले म्हणणे कोणी ऐकत नाही असे वाटत होते, हे त्यातून दिसले. त्या योजनेत प्रांताचा प्रत्यक्ष महसूल मोजत नाहीत, तर सरासरी दराने कर लावल्यास त्या प्रांतात किती महसूल उभा राहू शकतो ही क्षमता मोजतात, हेही लक्षात घ्यावे. जो प्रांत स्वतःहून कर कमी ठेवतो, त्याला त्याबद्दल जास्तीचे काही मिळत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. जर्मनीतील बव्हेरिया आज तेथील समानीकरण व्यवस्थेत मोठी रक्कम देणारा प्रांत म्हणून ओळखला जातो आणि २०१३ मध्ये तो हेसे प्रांतासह या व्यवस्थेविरुद्ध घटनात्मक न्यायालयातही गेला होता. पण महायुद्धानंतरची काही दशके बव्हेरिया शेतीप्रधान होता आणि मदत घेणाऱ्यांच्या रांगेत होता. आजचा श्रीमंत प्रदेश कालचा गरीब असू शकतो, आणि उद्याचे कोणालाच ठाऊक नसते. समानीकरणाला विम्याचे स्वरूप येते ते यामुळेच.

इतके सांगूनही, तक्रार नेहमीच खोटी असते असे मी म्हणणार नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियात २००० मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि त्याचे संपूर्ण उत्पन्न राज्यांना देण्याचे ठरले. वाटप १९३३ पासून अस्तित्वात असलेल्या अनुदान आयोगाच्या सूत्राने होते. अधिक महसूल उभा करू शकणाऱ्या राज्याला कमी हिस्सा देणारे हे सूत्र मागील काही वर्षांच्या सरासरीवर चालते. लोहखनिजाच्या भरभराटीची वर्षे त्या सरासरीत होती, पण हिस्सा हाती येईपर्यंत खनिजाचे भाव कोसळलेले होते; परिणामी २०१५-१६ मध्ये त्या राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात जितका हिस्सा मिळाला असता त्याच्या केवळ सुमारे ३० टक्के मिळाला. हे अन्यायकारक होते. त्यावर २०१८ मध्ये कायदा करून कोणत्याही राज्याचा हिस्सा एका किमान पातळीखाली जाणार नाही अशी तरतूद झाली, आणि इतर राज्ये नाराज होऊ नयेत म्हणून त्यांचे नुकसान केंद्र भरून देईल असेही ठरले. खनिजाचे भाव पुन्हा वाढल्यावर या हमीचा खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पटींनी वाढला आणि देशातील सर्वांत सुस्थितीतील राज्यालाच आधार मिळू लागला. दोष कालांतराचा होता. तो दूर करण्याऐवजी रक्कम बांधून टाकली गेली, ही माझ्या मते मोठी चूक होती.

भारतात केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा सुचवणाऱ्या वित्त आयोगांपैकी पंधराव्या आयोगाचे २०२१-२६ साठीचे सूत्रही या दृष्टीने पाहावे. राज्यांतील वाटपात सर्वाधिक, म्हणजे ४५ टक्के, भार दरडोई उत्पन्नातील अंतराला, म्हणजे राज्य संपन्न राज्यांच्या किती मागे आहे याला, होता. २०११ च्या लोकसंख्येला आणि क्षेत्रफळाला प्रत्येकी १५, लोकसंख्या नियंत्रणातील कामगिरीला १२.५, वने व पर्यावरणाला १० आणि करवसुलीतील प्रयत्नांना अवघा २.५ टक्के. १९७१ ऐवजी २०११ ची लोकसंख्या धरल्याने ज्या राज्यांनी जननदर वेळेवर खाली आणला त्यांना फटका बसेल, हे ओळखूनच १२.५ टक्क्यांचा निकष जोडला गेला. गरीब राज्याला अधिक मिळावे हे मला पूर्ण मान्य आहे. पण स्वतःचा महसूल उभा करण्याची धडपड करणाऱ्या राज्याला शंभरात अडीच गुण ही फारच तोकडी दाद होती.

प्रश्न : वित्त आयोगाने राज्यांचा हिस्सा वाढवला असे केंद्र सांगते आणि हाती काही येत नाही असे राज्ये सांगतात. दोघांपैकी खरे कोण बोलते?

दोघेही, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्के केला. पंधराव्याने, जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे, तो ४१ टक्के केला. पण हे ४१ टक्के कशाचे, हा प्रश्न विचारला पाहिजे. ते केंद्राच्या एकूण करउत्पन्नाचे नसून विभाज्य निधीचे, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करांच्या निधीचे, आहेत, आणि घटनेच्या अनुच्छेद २७० प्रमाणे उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) व अधिभार (करावरील जादा आकार) या निधीत येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे केंद्रीय शुल्क होते. त्यांपैकी मूळ उत्पादन शुल्क, म्हणजे राज्यांना ज्यात वाटा मिळतो तो भाग, फक्त १ रुपया ४० पैसे होता. पुढे हे शुल्क कमी झाले, पण रचना तीच राहिली. २०१०-२० या दशकाच्या सुरुवातीला केंद्राच्या एकूण करउत्पन्नात उपकर-अधिभारांचा भाग सुमारे एक दशांश होता. दशक संपता संपता तो सुमारे एक पंचमांश झाला. टक्केवारी वाढली, पण ती ज्यावर मोजायची तो निधीच एकूण करउत्पन्नाच्या तुलनेत आकसला. घटनेचे एकही कलम त्यासाठी मोडावे लागले नाही, आणि मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब हीच आहे. एक पक्ष नियमाबाहेरून वाट काढू शकत असेल, तर नियम कितीही काळजीपूर्वक लिहिलेला असला तरी त्याचा उपयोग उरत नाही.

असा बाजूला काढलेला पैसा राज्यांत खर्च होत नाही असे नाही. त्याचा बराच भाग केंद्र पुरस्कृत योजनांतून येतो, पण तो अटींसह येतो. अशा बहुतेक योजनांत २०१५-१६ पासून केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० आहे. राज्याने आपले ४० टक्के घातले नाहीत तर केंद्राचे ६० टक्केही मिळत नाहीत. म्हणजे केंद्राच्या योजनेला राज्याचा स्वतःचा पैसाही बांधला जातो, आणि ज्या कामाची त्या राज्यात खरी निकड आहे ते मागे पडते. ज्याच्याकडे ४० टक्केही नाहीत असे गरीब राज्य तर दोन्हीकडून मुकते.

अटी मुळातच वाईट, असे मात्र मी मानत नाही. लसीकरणासारख्या कामाचा लाभ राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही, तेव्हा राष्ट्रीय सरकारने पैसा देऊन किमान दर्जाचा आग्रह धरणे योग्यच आहे. प्रश्न मर्यादेचा आहे आणि अमेरिकेत तो न्यायालयापुढे स्पष्टपणे आला. १९८४ मध्ये तेथील काँग्रेसने ठरवले की, मद्य खरेदीचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी काही अंशी रोखला जाईल. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट मान्य केली, कारण धोक्यात आलेली रक्कम लहान होती. २०१२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सांगितले की, गरिबांच्या आरोग्य योजनेचा विस्तार न स्वीकारणाऱ्या राज्याचा त्या योजनेतील सगळाच जुना निधी तोडण्याची धमकी ही जबरदस्ती ठरते. प्रलोभन कोठे संपते आणि बळजबरी कोठे सुरू होते, याची अशी रेषा आपल्याकडेही कोणी तरी आखावयास हवी.

प्रश्न : वस्तू व सेवा करामुळे राज्यांनी आपला अधिकार गमावला, हे खरे आहे का?

स्वतंत्रपणे दर ठरवण्याचा अधिकार बऱ्याच अंशी गमावला, हे खरे आहे; त्याबदल्यात राज्यांना सेवांवर कर आकारण्याचा अधिकार आणि एका सामाईक परिषदेत मत मिळाले. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. याचा अर्थ केंद्राच्या संमतीवाचून काहीही होत नाही, पण केंद्र एकट्याच्या बळावरही काही करू शकत नाही. परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधानसभांवर बंधनकारक नाहीत, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

राज्यांच्या विश्वासाला तडा गेला तो भरपाईच्या प्रश्नावर. पहिली पाच वर्षे दरसाल १४ टक्के वाढ गृहीत धरून राज्यांचा तुटीचा भाग भरून देण्याची हमी कायद्यात होती. २०२० मध्ये महासाथीने महसूल कोसळला तेव्हा ही तूट कोणी सोसायची यावर कित्येक आठवडे वाद चालला. अखेरीस केंद्राने कर्ज काढून ते राज्यांना दिले आणि फेडीसाठी भरपाई उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. पैसा मिळाला, हे मान्य करायला हवे. पण लिखित हमी असूनही तो मिळवण्यासाठी भांडावे लागले, याची आठवण राज्ये लवकर विसरणार नाहीत.

प्रश्न : एखादे राज्य कर्जबाजारी झाले तर केंद्राने त्याला वाचवावे का?

वाचवावे की नाही यापेक्षा, “केंद्र वाचवेलच” अशी खात्री राज्याला आधीपासून असावी की नसावी, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. ती खात्री असेल तर कर्ज घेणाराही निष्काळजी होतो आणि देणाराही.

अमेरिकेत १८४० च्या दशकाच्या आरंभी कालवे आणि बँका यांसाठी काढलेल्या कर्जांपायी आठ राज्ये देणी चुकवू शकली नाहीत. राष्ट्रीय सरकारने मदत नाकारली. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या घटनांत कर्जावरील मर्यादा स्वतःहून घालून घेतल्या, आणि त्यांतील बऱ्याच आजही टिकून आहेत. जर्मनीत न्यायालयाने दोन वेळा दोन निराळी उत्तरे दिली. १९९२ मध्ये ब्रेमेन आणि झारलँड या प्रांतांना मदतीचा हक्क आहे असा निर्णय झाला आणि त्यांना मोठी अनुदाने मिळाली; २००६ मध्ये बर्लिनने तशीच मागणी केली तेव्हा ती फेटाळली गेली. पुढे २००९ मध्ये कर्जाला चाप लावणारी घटनादुरुस्ती झाली. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकात केंद्राने राज्यांची कर्जे पुन्हा पुन्हा आपल्या अंगावर घेतली आणि शेवटी २००० मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कठोर कायदा करावा लागला.

हा अनुभव आपल्याकडे त्याहूनही जुना आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने सारे वित्ताधिकार गव्हर्नर जनरलच्या हाती एकवटले आणि प्रांतांना साधे नवे पद निर्माण करण्यासाठीही वरून मंजुरी लागू लागली. काटकसर करून प्रांताचा काहीही फायदा नव्हता, तेव्हा जो प्रांत अधिक जोराने मागेल त्याला अधिक मिळे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंनी पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली, ती या ओढाताणीला कंटाळूनच. या संपूर्ण प्रवासाचा सखोल अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला आणि त्यांचा तो प्रबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र-राज्य वादावर हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी फार थोडे जण त्यांच्या या कामाकडे वळतात, याची मला खंत वाटते.

आज घटनेच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते. ही संमती कोणत्या मर्यादेपर्यंत रोखता येते, यावर केरळने सर्वोच्च न्यायालयात दावा केला आणि २०२४ मध्ये तो घटनापीठाकडे सोपवला गेला. कर्जावर मर्यादा असावी, या मताचा मी आहे. पण तीच मर्यादा केंद्राच्या स्वतःच्या कर्जालाही तितक्याच कसोशीने लागू झाली पाहिजे.

प्रश्न : वाटपाचे सूत्र कोणी ठरवावे?

दोहोंपैकी एकाही पक्षाने एकट्याने नाही. भारतात दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग आहे, पण त्याचे सदस्य आणि कार्यकक्षा केंद्राच्या सल्ल्याने ठरतात. नेमणुकीत राज्यांचाही शब्द असावा, असे माझे मत आहे. केवळ सहमतीवर विसंबणेही धोक्याचे असते. अर्जेंटिनात १९९४ च्या घटनेने १९९६ अखेरपर्यंत नवा वाटप कायदा करण्यास सांगितले होते; प्रत्येक प्रांताच्या संमतीची अट असल्याने तो कधी झालाच नाही आणि १९८८ ची व्यवस्थाच चालू राहिली.

प्रश्न : राज्ये केंद्राकडे स्वायत्तता मागतात. पण महापालिका आणि ग्रामपंचायतींना ती स्वतः केंद्रासारखीच वागणूक देत नाहीत का?

देतात, आणि अनेकदा केंद्राहून कठोर. १९९२ मध्ये संमत झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्यात दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक केले. किती तरी राज्यांत हे आयोग वेळेवर नेमले जात नाहीत. नेमले तर अहवाल विधिमंडळापुढे येण्यास विलंब होतो, आणि आला तरी शिफारशींवर काय कार्यवाही केली याचे टिपण अपुरे असते. याच त्रुटीकडे बोट दाखवून पंधराव्या वित्त आयोगाने अशी अट सुचवली की, राज्य वित्त आयोग नेमून त्याचा कार्यवाही अहवाल मार्च २०२४ पर्यंत विधिमंडळात न ठेवणाऱ्या राज्याला त्यानंतर स्थानिक संस्थांसाठीचे अनुदान मिळू नये. केंद्राच्या अटींविरुद्ध मी वर बरेच लिहिले आहे. या अटीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण ती राज्याने पैसा कशावर खर्च करावा हे सांगत नाही, तर घटनेने त्याच्यावर आधीच टाकलेले काम करण्यास सांगते.